एकच अँटेना सॉकेट, गच्चीवर दोन अँटेना: डायप्लेक्सर कोणता घ्यावा?

सातारकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे आयकॉमचा आयसी-७०५ हा हौशी रेडिओचा सेट आहे. एचएफपासून (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ४३० मेगाहर्ट्झपर्यंतचे बँड या सेटवर चालतात, पण अँटेनासाठी बीएनसी सॉकेट एकच. गच्चीवर दोन अँटेना आहेत. एक ४०-२०-१० मीटरची एंड-फेड वायर आणि दुसरी २ मीटर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) व ७० सेंटीमीटरची (४३५ च्या आसपास) ड्युअल-बँड व्हर्टिकल. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवरच्या गप्पा संपवून स्थानिक रिपीटरवर (ऐकलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारं केंद्र, ते २ मीटरवर आहे) जायचं म्हटलं की दरवेळी केबल काढा, दुसरी लावा. त्या बीएनसीचे हाल होणार हे दिसतंच आहे.

म्हणून डायप्लेक्सर बघतोय, म्हणजे एका सॉकेटवरचे बँड फ्रिक्वेन्सीनुसार दोन अँटेनांकडे वाटणारी डबी. डायमंडचा एमएक्स-७२ एका ओळखीच्या हॅमकडे (हौशी रेडिओवाल्याकडे) वापरलेला मिळतोय, किंमत चांगली आहे. शिवाय कॉमेटचा सीएफ-७०६ आणि डायमंडचा तीन तोंडांचा एमएक्स-२००० ही नावं वाचली. कशावरून ठरवू? पुढेमागे उपग्रहांसाठी दोन यागी (एका दिशेने रोखायच्या अँटेना) लावायचा विचारही डोक्यात आहे.

वायुलहर
सातारकर, एमएक्स-७२ घेऊ नका. वस्तू उत्तम आहे, पण तुमच्या कामाची नाही.

डायप्लेक्सर घेताना पहिला प्रश्न एकच: त्याची फोड कुठे होते? एमएक्स-७२ चं खालचं तोंड १.६ ते १५० मेगाहर्ट्झ आणि वरचं ४०० ते ४६०. म्हणजे तो २ मीटर आणि ७० सेंटीमीटर वेगळे करतो. तुमच्या गच्चीवर लावलात तर १४५ मेगाहर्ट्झचा सिग्नल एचएफच्या तोंडातून थेट तुमच्या एंड-फेड वायरवर जाईल आणि व्हर्टिकलला फक्त ७० सेंटीमीटर मिळेल. कॉमेटचा सीएफ-४१६ सुद्धा याच जातीचा, १.३ ते १७० आणि ३५० ते ५४०.

तुम्हाला फोड हवी ५४ (सेटच्या ५० मेगाहर्ट्झ बँडचं वरचं टोक) आणि १४४ (२ मीटरची सुरुवात) च्या मध्ये. त्यासाठी सीएफ-७०६ आहे: १.३ ते ५७ एका तोंडाला, ७५ ते ५५० दुसऱ्या तोंडाला. डायमंडमध्ये तेच काम एमएक्स-६२एम करतो, १.६ ते ५६ आणि ७६ ते ४७०. दोन्हींपैकी जो मिळेल तो घ्या.

एमएक्स-२००० म्हणजे ट्रिप्लेक्सर. १.६ ते ६०, ११० ते १७० आणि ३०० ते ९५० अशी तीन तोंडं. २ मीटरची आणि ७० सेंटीमीटरची अँटेना वेगवेगळी असेल तेव्हाच त्याचा उपयोग. आज तुमची व्हर्टिकल दोन्ही बँड एकाच केबलवर घेते, मग तिसरं तोंड कशाला? उद्या यागी आल्या तर सीएफ-७०६ च्या वरच्या तोंडाला पुढे एमएक्स-७२ किंवा सीएफ-४१६ जोडा. दोन डायप्लेक्सरचा ट्रिप्लेक्सर होतो, आधी घेतलेला वाया जात नाही.

खरेदी करताना एक लक्षात ठेवा. हे उत्पादक यालाच 'ड्युप्लेक्सर' म्हणून विकतात. रिपीटरवर असतो तो ड्युप्लेक्सर वेगळा: २ मीटरवर फक्त ६०० किलोहर्ट्झ अंतर असलेल्या दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या मोठ्या कॅव्हिटी. जुन्या बाजारात त्या नावाखाली काहीही समोर येऊ शकतं, तेव्हा नाव न बघता लेबलवरचे मेगाहर्ट्झ वाचा.

शलाका_व्हीएचएफ
मी नुकतीच परीक्षा दिली आहे, परवान्याची वाट बघतेय. प्रश्न अगदी प्राथमिक आहे. नुसता टी-कनेक्टर लावून दोन्ही अँटेना एकत्र केल्या तर काय बिघडतं? आणि डिश टीव्हीच्या सामानात मिळणारे डायप्लेक्सर किंवा स्प्लिटर शंभर-दीडशे रुपयांत येतात, ते का नाहीत चालत?

वायुलहर
शलाकाताई, प्रश्न योग्य आहे, बरेच जण हे करून बघतात.

टी लावला की सेटला दोन्ही अँटेना समांतर दिसतात. ज्या बँडवर बोलताय त्यावर एक अँटेना ५० ओहम देईल, पण दुसरी त्या फ्रिक्वेन्सीवर किती देईल याचा काही नेम नाही. त्यातून तिच्या केबलची लांबी तो आकडा आणखी फिरवते. कधी नशिबाने एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते याचं माप, कमी तेवढं चांगलं) ठीक येतो, केबल एक मीटरने बदलली की बिघडतो. २ मीटर आणि ७० सेंटीमीटरच्या बाबतीत तर आणखी अडचण आहे. १४५ ला तीनने गुणा, ४३५ येतात. २ मीटरची साधी डायपोल ७० सेंटीमीटरवर तीन अर्ध-तरंगांची होऊन पुन्हा रेझोनंट होते आणि अर्धी पॉवर आनंदाने खाते. ती जाते भलत्याच कोनात.

डायप्लेक्सरच्या डबीत दोन फिल्टर असतात. एक लो-पास, एक हाय-पास, आणि दोघांचं तोंड एकत्र बांधलेलं. गाव सोडताना जसा रस्ता फुटतो आणि जड वाहनं बायपासने जातात तसं. प्रत्येक फिल्टर आपल्या बँडबाहेर सामायिक तोंडाला जवळजवळ उघड्या सर्किटसारखा दिसतो, त्यामुळे दुसऱ्याच्या कामात अडथळा येत नाही. सगळी करामत या एकत्र बांधण्यात आहे. वेगवेगळे बनवलेले दोन चांगले फिल्टर टीने जोडले तर डायप्लेक्सर होतोच असं नाही.

टीव्हीचा स्प्लिटर सरळ अर्धी पॉवर एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे देतो, म्हणजे ३ डीबी गेले. डिशचा डायप्लेक्सर फोडतो साधारण ८६० आणि ९५० मेगाहर्ट्झच्या मध्ये, आहे ७५ ओहमचा, आणि आतले घटक मिलिवॅटसुद्धा नव्हे, त्याहून कमी सिग्नलसाठी असतात. त्यात १० वॅट सोडायचे नाहीत.

सातारकर
वायुलहरकाका, मनापासून आभार. एमएक्स-७२ चा नाद सोडला.

आता पुढची शंका. माहितीपत्रकात आयसोलेशनचे, म्हणजे एका फाट्याचा सिग्नल दुसऱ्यात जाण्यापासून किती अडतो याचे, आकडे असतात. कुठे ५० डीबी, कुठे ६० डीबी. बिनानावाच्या स्वस्त डब्यांवर तर ३० लिहिलेलं दिसलं. जास्त म्हणजे चांगलं हे कळतं, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत का?

वायुलहर
याचं उत्तर थोडं सविस्तर देतो, कारण डायप्लेक्सरच्या चर्चेत सगळे याच आकड्याकडे धावतात आणि बहुतेकांना त्याची गरज नसते.

आयसोलेशन महत्त्वाचं होतं जेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. समजा दोन सेट आहेत, एक १४५ वर ५० वॅटने बोलतोय, दुसरा ४३५ वर ऐकतोय आणि दोघे एकाच ड्युअल-बँड अँटेनावर आहेत. ५० डीबी आयसोलेशन म्हणजे पॉवरचा लाखावा भाग पलीकडे गळतो. ५० वॅटचा लाखावा भाग अर्धा मिलिवॅट, म्हणजे उणे ३ डीबीएम. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण व्हीएचएफ-यूएचएफवर एस-९ चा सिग्नल उणे ९३ डीबीएम असतो. म्हणजे तुमच्याच शेजारच्या सेटमधून रिसीव्हरच्या तोंडाशी एस-९ च्या वर ९० डीबी येतायत. इथे ५० आणि ६० यातला फरक खराच कळतो.

तुमच्याकडे सेट एक आहे. तो बोलतो तेव्हा ऐकत नाही. दुसऱ्या तोंडाला सेट नाही, फक्त अँटेना आहे. ३० डीबीचा डबा लावला तर १० वॅटमधले १० मिलिवॅट चुकीच्या अँटेनावर जातील. त्याने ना सेट बिघडत, ना एसडब्ल्यूआर हलत, ना समोरच्याला काही कळत.

म्हणून एका सॉकेटच्या सेटसाठी माझा क्रम असा: आधी फोड कुठे, मग तुमच्या पॉवरला पुरतो का, मग कनेक्टर कोणते आणि कसे बसवलेत, मग इन्सर्शन लॉस (डब्यातून जाताना वाया जाणारी पॉवर), आणि सगळ्यात शेवटी आयसोलेशन.

पॉवरबद्दल एक सूचना. पत्रकातले मोठे आकडे पीईपीचे, म्हणजे क्षणिक शिखर-पॉवरचे, असतात. एसएसबी या बोलण्याच्या पद्धतीत पॉवर आवाजाबरोबर येते-जाते, एफएम आणि एफटी-८ या डिजिटल पद्धतीत मात्र पूर्ण पॉवर सलग वाहते. मी लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्यावर थांबतो. तुमच्या १० वॅटला हा प्रश्न नाही, पण पुढे १०० वॅटचा एफटी-९९१ए घेतलात तर... अर्थात त्याला एचएफ आणि व्हीएचएफ-यूएचएफची दोन वेगळी सॉकेट आहेत, तिथे डायप्लेक्सर लागणारच नाही. आयसी-७१०० चंही तसंच.

उपग्रहवेडा
काकांचं म्हणणं पटलं, फक्त उपग्रहांच्या बाबतीत सातारकरांनी एवढं ध्यानात घ्यावं.

एसओ-५० या उपग्रहावर बोलायचं तर वर (आपण पाठवतो ते) १४५.८५० आणि खाली (उपग्रहाकडून येतं ते) ४३६.७९५, टोन ६७ हर्ट्झ. आयएसएसचा (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा) रिपीटर वर १४५.९९० आणि खाली ४३७.८००. दोन्हीकडे २ मीटरवर बोलायचं आणि ७० सेंटीमीटरवर ऐकायचं. आयसी-७०५ फुल ड्युप्लेक्स नाही, त्यामुळे बोलत असताना स्वतःचा आवाज खाली येतोय का हे ऐकायला दुसरा रिसीव्हर लागतो. तो जोडला की काकांनी सांगितलेली दोन-सेटची परिस्थिती तयार होते. त्यात भर म्हणजे १४५.९ चा तिसरा हार्मोनिक (ट्रान्समिटरमधून निघणारा तिप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) ४३७.७ ला पडतो, ऐन उपग्रहाच्या पट्ट्यात.

अशा वेळी एमएक्स-७२ कामी येतो, तोही फिल्टर म्हणून. ट्रान्समिटरच्या केबलमध्ये त्याचं सामायिक तोंड आणि खालचं तोंड एवढंच वापरायचं, वरच्या तोंडाला ५० ओहमचा लोड. हार्मोनिक त्या लोडमध्ये जिरतो. रिसीव्हरच्या बाजूला दुसरा डायप्लेक्सर उलट वापरला तर २ मीटरचा मूळ सिग्नलही अडतो.

आपला हॅमसॅट चालू होता तेव्हा हा त्रास नव्हता. ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ ने सोडला होता, व्हीओ-५२ नावाने जगभर वापरला गेला, २०१४ पर्यंत चालला. त्यात वर ७० सेंटीमीटर आणि खाली २ मीटर होतं. वरच्या बँडवर बोलून खालच्या बँडवर ऐकताना हार्मोनिक आड येत नाही. त्या उपग्रहाची उणीव अजून जाणवते.

दर्यावर्दी
रत्नागिरीहून लिहितोय. डायप्लेक्सर कुठे ठेवणार हा प्रश्न कुणी काढला नाही म्हणून सांगतो: शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत), सेटच्या मागे. गच्चीवर नको.

गच्चीवर ठेवायचा मोह होतो कारण मग खाली एकच केबल येते. पण तेव्हा ती एक केबल ७० सेंटीमीटरला पुरेल अशीच हवी. २० मीटर आरजी-५८ केबल ४३५ मेगाहर्ट्झवर साधारण ७ डीबी खाते, म्हणजे १० वॅटमधले वर पोचतात जेमतेम २. तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३ मध्ये ३ डीबी, एलएमआर-४०० मध्ये पावणेदोनच्या आसपास. याच्यापुढे डायप्लेक्सरचा ०.२ डीबी म्हणजे साडेचार टक्के, विचारही करायला नको. एचएफसाठी मात्र तीच आरजी-५८ ठीक आहे, ७ मेगाहर्ट्झवर २० मीटरला एक डीबीसुद्धा जात नाही. म्हणून दोन केबल खाली आणा, महागडी फक्त व्हर्टिकलला, आणि डायप्लेक्सर घरात कोरडा ठेवा. दोन सॉकेटचा सेट आहे आणि टॉवरवर एकच चांगली केबल चढवता येते, तिथे वर एक आणि खाली एक असे दोन डायप्लेक्सर लावतात. तेही चालतं, पण मग लॉस दुप्पट आणि वरच्या डब्याची पावसाळ्यातली काळजी कायमची.

आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस. उघड्यावरचा पीएल-२५९ कनेक्टर एका मोसमात आतून हिरवा होतो. वर ठेवावाच लागला तर सेल्फ-अमलगमेटिंग टेपचे थर द्या, त्यावर ऊन सोसणारी काळी टेप, आणि केबल डब्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. डब्याची तोंडं खाली.

आणखी एक. डायप्लेक्सर म्हणजे लायटनिंग अरेस्टर नव्हे. हाय-पासच्या वाटेत कपॅसिटर असतात, तिथे डीसी अडतो. लो-पासमध्ये नुसत्या कॉइल, त्यातून लांब वायरवर साठलेला स्थिर भार सरळ सेटपर्यंत येतो. वैशाखातल्या वळवाच्या ढगांत हे फार होतं. तुमच्या एंड-फेडचा ४९:१ ट्रान्सफॉर्मर ऑटोट्रान्सफॉर्मर पद्धतीचा असेल आणि अर्थ केलेला असेल तर भार जिरतो. तरी विजा दिसायला लागल्या की केबल काढून ठेवणं हाच उपाय.

सातारकर
हे फार मोलाचं. माझी व्हर्टिकल सध्या आरजी-५८ वरच आहे, ती आधी बदलतो.

एंड-फेड १५ मीटरच्या बँडवर नीट जुळत नाही म्हणून ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवून देणारं यंत्र) आहे. तो डायप्लेक्सरच्या आधी की नंतर?

वायुलहर
नंतर, आणि फक्त एचएफच्या फाट्यावर. सेट, डायप्लेक्सर, त्याचं खालचं तोंड, ट्यूनर, वायर. उलट केलंत तर दोन गोष्टी बिघडतात. व्हीएचएफचा सिग्नल विनाकारण ट्यूनरमधून जाईल, आणि डायप्लेक्सर न जुळलेल्या अँटेनाच्या बाजूला राहील. त्याचे सगळे आकडे ५० ओहमवरचे असतात. एसडब्ल्यूआर चढला की आतल्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज आणि कॉइलमधला करंट दोन्ही चढतात, आणि मग फोडसुद्धा ठरल्या जागी राहत नाही.

व्हर्टिकलवर कधी प्रीअॅम्प्लिफायर (येणारा सिग्नल अँटेनाजवळच वाढवणारा) बसवणार असाल तर दर्यावर्दींनी सांगितलेलं पुन्हा वाचा. केबलमधून वर पाठवायचा डीसी हाय-पासमधून जात नाही. तो डायप्लेक्सरच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला केबलमध्ये सोडावा लागतो.

सोल्डर_पुणे
१० वॅटसाठी विकत घ्यायलाच हवा असं नाही. हा डबा घरी बांधता येतो, आणि बांधलाच पाहिजे असं माझं मत. परवाना आपल्याला प्रयोग करायला दिलेला आहे.

५४ आणि १४४ यांचा भूमितीय मध्य ८८ मेगाहर्ट्झ. तिथे फोड धरून तीन घटकांचा बटरवर्थ जातीचा फिल्टर, एका टोकाला टर्मिनेट केलेला. या प्रकारातल्या लो-पास आणि हाय-पासची तोंडं एकत्र बांधली की सामायिक तोंडाला सगळ्या फ्रिक्वेन्सींवर ५० ओहम दिसतात. कागदावर तरी.

लो-पास, सामायिक तोंडाकडून: सिरीजमध्ये १३६ नॅनोहेन्री, मग जमिनीला ४८ पिकोफॅरड, मग सिरीजमध्ये ४५ नॅनोहेन्री. हाय-पास, त्याच तोंडाकडून: सिरीजमध्ये २४ पिकोफॅरड, जमिनीला ६८ नॅनोहेन्री, सिरीजमध्ये ७२ पिकोफॅरड. १३६ ची कॉइल म्हणजे सरासरी ८ मिलिमीटर व्यासाचे, ८ मिलिमीटर लांबीत पसरलेले ५ वेढे. वेढे दाबून-ओढून जुळवा. कपॅसिटर एनपी-शून्य सिरॅमिक किंवा सिल्व्हर मायका, पाय अगदी तोकडे. हाय-पासमधून ४३५ मेगाहर्ट्झही जायचे आहेत, तिथे लांब पाय म्हणजे आणखी एक कॉइलच. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सामान शोधता येईल. डबा पत्र्याचा किंवा ओतीव अॅल्युमिनियमचा, मध्ये पत्र्याचा पडदा.

१४४ वर यातला लॉस साधारण ०.२ डीबी, आयसोलेशन १३ डीबी. म्हणजे २ मीटरवर पाच टक्के पॉवर वायरवर जाईल. एचएफवर ते भराभर वाढतं, १० मीटरला २९ डीबीच्या आसपास. १३ चा आकडा बघून घाबरू नका, काकांनी वर सांगितलंय तसं एका सेटला पुरतो. विकतच्या डब्यात जास्त घटक असल्याने तो आकडा पुष्कळ वर जातो, आणि दोन सेटना तोच घ्यावा.

शलाका_व्हीएचएफ
बांधल्यावर किंवा जुना घेतल्यावर तपासायचा कसा? माझ्याकडे नॅनोव्हीएनए (अँटेना आणि फिल्टर मोजायचं छोटं यंत्र) आहे.

सोल्डर_पुणे
मग झालंच. आधी मल्टिमीटर: सामायिक तोंडाची मधली पिन आणि खालच्या तोंडाची मधली पिन यांत सातत्य हवं, सामायिक आणि वरचं यांत नको. जुन्या डब्यात खालचं सातत्य नसेल तर कॉइल किंवा सांधा गेलाय, घेऊ नका. हाय-पासमध्ये सातत्य दिसलं तर तिथला कपॅसिटर शॉर्ट आहे.

मग नॅनोव्हीएनए: पोर्ट १ सामायिक तोंडाला, पोर्ट २ एका फाट्याला, आणि उरलेल्या फाट्याला ५० ओहमचा लोड. हा लोड लावल्याशिवाय मोजू नका, नाहीतर फोडीच्या आसपासचा आलेख फसवा येतो. तुमच्या बँडवर एस-११ (सामायिक तोंडावरून परत येणारा सिग्नल) उणे २० डीबीच्या खाली असेल तर उत्तम. आयसोलेशन मोजताना मात्र ध्यानात ठेवा, हे यंत्र ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिकवर मोजतं आणि त्याची डायनॅमिक रेंज घटते. ४३५ वर ५०-६० डीबीचा आकडा दिसला तर तो डब्याचा आहे की यंत्राच्या मर्यादेचा हे सांगता येत नाही. केबल काढून उघड्या पोर्टवर काय दिसतं ते आधी बघा, त्याच्या खालचं काही मोजलं असं समजू नका.

दर्यावर्दी
सातारकर, आणखी एक व्यावहारिक गोष्ट. आयसी-७०५ च्या बीएनसीला डायप्लेक्सर किंवा जाड केबल थेट लटकवू नका. अर्ध्या मीटरची आरजी-३१६ किंवा आरजी-५८ ची मऊ जंपर लावा आणि डबा टेबलाला स्क्रूने बसवा. अॅडाप्टरवर अॅडाप्टर चढवण्यापेक्षा एका टोकाला बीएनसी आणि दुसऱ्या टोकाला डब्याला लागेल तो कनेक्टर अशी जंपर करून घ्या. ४३० वर पीएल-२५९ पेक्षा एन-कनेक्टर सरस, निवड करता आली तर वरच्या फाट्याला एन मागा.

सातारकर
ठरलं तर. वापरलेला सीएफ-७०६ किंवा एमएक्स-६२एम शोधतो, तोवर सोल्डर_पुणे यांचा डबा बांधायला घेतो. १० वॅटला तो पुरेल असं दिसतंय. व्हर्टिकलला एलएमआर-४००, ट्यूनर एचएफच्या फाट्यावर, सगळं शॅकमध्ये.

शेवटची शंका: एचएफचं तोंड १.३ मेगाहर्ट्झपासून लिहिलंय. मला रात्री ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे ऐकायची सवय आहे. ती बंद होईल का?

वायुलहर
नाही होणार. लो-पास खाली डीसीपर्यंत उघडाच असतो, १.३ ही उत्पादकाने हमी दिलेली हद्द आहे. मध्यम लहरी वायरवरून येत राहतील. एफएम रेडिओ मात्र ८८ ते १०८ असल्यामुळे या डब्यात व्हर्टिकलच्या बाजूने येईल. म्हणजे हेही समजून घ्या की जवळ मोठं एफएम केंद्र असेल तर त्याचा जोर हा डायप्लेक्सर अडवणार नाही. २ मीटरवर खरखर किंवा गाणी मिसळलेली ऐकू आली तर व्हर्टिकलच्या फाट्यावर वेगळा एफएम नॉच फिल्टर लावा. साताऱ्यात बहुधा गरज पडणार नाही, मुंबईच्या मंडळींना पडते.

डबा बांधून झाला की नॅनोव्हीएनएचा आलेख इथे टाका. ७३ (हॅम मंडळींचा निरोपाचा नमस्कार).